मरीमायच्या कोंबड्याचे सरकारी आजोबा

हे खरं म्हणजे कुणाला सांगायचं नाहीये. मोठ्या मायनं मला शपथ घातलीय, पण घालताना ती ‘गावात कोणाले सांगशीन तं’ असं म्हणाली, आणि तुम्ही काही आमच्या गावचे नाही... धामणगाव बढ्याचे तर नाही ना? नक्की नाही ना? कारण तिथं आमच्या गोजरताईचं सासर आहे, आणि तिच्या सासूच्या कानावर हे गेलं, तर फिटलेला नवस परत बिनफिटलेला व्हायचा! नाही? मग सांगते. एरवी मी बोलणारी नव्हे हो, वर्गात हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हणताना मी वहीत तोंड लपवते, पण ही गोष्ट पोटात आरवायला लागलीय, काय करू?

मोठी माय म्हणजे माझी चुलती, झुंबरबाई. गोजरताई तिची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. सुईणीनं हात टेकले. तशी मोठी माय दारात उभी राहिली, गावाच्या शिवेवर लिंबाखाली मरीमाय आहे तिकडे तोंड केलं, पदर पसरला आणि म्हणाली, “मरीमाय, माह्या लेकीले मोकळं कर, तुह्या नावानं काळाभोर कोंबडा सोडीन, माह्याच घरच्या कोंबडीचा, माह्याच आंगनात फुटलेल्या अंड्याचा, एक पीस पांढरं नाही! अन् नवस फिटल्याबिगर लेकराचं जावळ काढनार नाही, त्याले गावाची वेस वलांडू देनार नाही!”

आता मला सांगा, नवस करताना माणसानं जरा बेतानं बोलावं की नाही? नुसतं ‘कोंबडा’ म्हटलं असतं तरी मरीमायनं ऐकलंच असतं ना? पण मोठी माय बाजारात वांगं घेतानासुद्धा दहा अटी घालते, ती देवीला सोडते होय!

तसं तेव्हा भ्यायचं कारणच नव्हतं म्हणा. गोठ्यावर दोन काळेभोर कोंबडे रोज आरवत होते. ताई सुटली, मुलगा झाला, सगळं छान... आणि मोठी माय आत बाळंतिणीपाशी शेक-शेगडीत असताना बाहेर ब्लॉकची, म्हणजे तालुक्याच्या सरकारी कचेरीची, जीप आली! साहेब उतरले. “गावरान कोंबडे आम्हाला द्या, हे पांढरेशुभ्र सुधारित कोंबडे घ्या, पुढच्या पिढीत अंडीच अंडी!” आणि आमचे मोठे बाबा, म्हणजे माझे चुलते रंगराव, ग्रामपंचायतीचे मेंबर, कुठलीही योजना आली की पहिलं बोट यांचं वर. त्यांनी साहेबांना शब्दच दिला, की या गावात आजपासून गावरान कोंबडा पाय ठेवणार नाही. बारसं झालं, मोठी माय बाहेर आली, गोठ्याकडे बघते तर वर एक पांढराफटक, लाल तुऱ्याचा, हेडमास्तरांसारखा कोंबडा!

“काळे कुठी गेले?”

“जीपमधी.”

“जीपमधी काऊन?”

“योजनेत गेले ना वं.”

त्यानंतर चार दिवस आमच्याकडे कुणी कुणाशी बोललं नाही, फक्त तो नवा कोंबडा बोलत होता.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. काळ्या कोंबडीखाली पांढरी पिल्लं, तांबडीखाली पांढरी पिल्लं, अख्ख्या आळीत पांढरंच पांढरं, जणू गावात कापूस वेचून टाकलाय! आणि इकडे शालिग्राम, म्हणजे ताईचा मुलगा, रांगायला लागला, चालायला लागला, त्याचे केस कानावर आले, मानेवर आले, ताई त्याच्या दोन वेण्या घालायला लागली. येणारी-जाणारी बाई म्हणायची, “मोठी गोड पोरगी हाय वं!” आणि ताई खाली बघायची. तुळशीराम भाऊजी, तिचे यजमान, धाडच्या बाजाराचं निमित्त काढून यायचे, बाजेवर बसायचे, चहा घ्यायचे, लेकाच्या वेण्यांकडे बघायचे आणि विचारायचे, “मामी, औंदा तरी?” मग एसटी गाठायला एकटेच निघायचे. ताई दाराआडून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहायची आणि मग उगाच धुतलेलीच भांडी परत धुवायची. तिकडून सासूचा निरोप आला, ‘नवस केला का लेक घरी ठेवाचं निमित्त काढलं?’ त्या दिवशी मोठी माय जेवली नाही.

बरं, तिनं प्रयत्न कमी केले का? काळ्या कोंबडीखालीच अंडी बसवली, का तर बसणारीचा रंग उतरतो. अंड्यांना काजळ फासलं. खुराड्यावर काळी घोंगडी टाकली. मोठे बाबा म्हणाले, “धाडच्या बाजारातून काळा कोंबडा आनला असता, पन मी साहेबाले शब्द देल्ला!” आणि शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी काय केलं असेल? पांढऱ्या कोंबड्याला काजळ आणि तेल चोपडलं! तो असा फडफडला, असा फडफडला, की कोंबडा पांढरा झाला आणि मोठे बाबा काळे. मोठी माय म्हणाली, “आता तुमालेच नेऊन सोडतो मरीमायपाशी!”

(हे तर मुळीच सांगायचं नाहीये, बरं का.)

आणि अशात आम्हाला दहावीला सायन्सच्या सरांनी आनुवंशिकतेचा धडा काढला. सर पुण्याकडचे, बोलणं एकदम शुद्ध. “मुलांनो, दूर देशी एक साधू होते. त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावले. उंच आणि बुटका यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे उंच! मग बुटकेपणा गेला कुठे? मेला? नाही. लपला! पुढच्या पिढीत चारांत एक बुटका पुन्हा हजर!” मागून एका मुलानं विचारलं, “सर, वाटाना कसा असते?” तर सरांना आधी फळ्यावर शेंग काढावी लागली... पण मी शेंग बघतच नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पांढऱ्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या. तुम्ही कधी नीट बघितल्यात? दुरून पांढऱ्या, पण जवळ बसा, एखादीच्या मानेवर एक काळा ठिपका, एखादीच्या पंखात एक अर्धं काळं पीस, जसा पेन झटकल्यावर शाईचा शिंतोडा उडावा. सरकारी कोंबड्याच्या अंगावर तसला शिंतोडा नाही. म्हणजे काळा मेला नाहीये! आत दडून बाहेर डोकावतोय!

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी उभी राहिले. मी! सगळा वर्ग मागे वळला. “सर... कोंबडीचंही... असंच असतं का?” मुलं जी हसायला लागली! माझे कान इतके तापले की त्यावर भाकर भाजली असती. पण सर म्हणाले, “उत्तम प्रश्न! बस... नको, नको, उभीच रहा!” आणि तास संपेपर्यंत मी उभी.

घरी येऊन सांगू कुणाला? कोंबडा-कोंबडीच्या गोष्टी मोठ्यांपुढे बोलायच्या म्हणजे... तुम्हीच विचार करा ना! शेवटी मी चिंचोके आणले. आम्ही सारीपाटाला टाकतो ना, फोडलेले, एका बाजूनं पांढरे, एका बाजूनं काळे, तसलेच. म्हटलं, “मोठी माय, हा चिंचोका बापाकडचा, हा मायकडचा. दोन्हीतला एक जरी पांढरा पडला तरी पिल्लू पांढरं, कारण पांढरा काळ्याला झाकतो. दोन्ही काळे पडले की पिल्लू काळं. आता टाक.” तिनं टाकले, परत टाकले, टाकतच राहिली. “हाव वं! पडते काळी जोडी मधी मधी!” मग एकदम संशयानं म्हणाली, “हे कोनं काढलं?” म्हटलं, “एका साधूनं.” “हिवऱ्याच्या आश्रमातल्या?” मी म्हटलं, त्याच्याही पलीकडच्या. “मंग खरं असंन.”

तर ठरलं. सरकारी कोंबडा डालग्याखाली कोंडायचा, आणि शिंतोडेवाल्या पांढऱ्या तलंगेला शिंतोडेवालाच पांढरा कोंबडा शोधायचा. तिथं मोठी माय अडली. “पन त्या दोघायचा बाप एकच ना वं? शिव शिव शिव!” मी भिंतीकडे तोंड करून उभी. मोठे बाबा म्हणाले, “अवं, कोंबड्याले गोत्र नसते!” तेवढ्यात नेमके साहेब तपासणीला हजर. “अहो मेंबर, आपला कोंबडा डालग्याखाली का?” मोठे बाबा म्हणाले, “नजर लागली साहेब. लई देखना हाय.”

आणि मग मोठ्या मायनं काय केलं असेल? खुडूक कोंबडीखाली मोजून चार अंडी बसवली! “साधूनं चारांत एक म्हटलं ना? मंग चारच ठेवतो, बाकीची खाऊ.” चारही पांढरी निघाली. “फसोलं तुह्या साधूनं!” दुसऱ्या दिवशी मी सरांच्या पुढ्यात. सर म्हणाले, “अगं केसर, ही सरासरी आहे. खूप अंडी घ्यावी लागतात.” सरासरी! हे मोठ्या मायला कसं सांगायचं? म्हटलं, “सारीपाटात चारदा टाकलं की एकदा दान पडतंच का?” तिनं चिंचोके मुठीत खुळखुळवले. मग म्हणाली, “नाही पडत. म्हनून तं खेळाले मजा येते.” आणि कोंबडीखाली मावतील तितकी अंडी सरकवली.

ज्या दिवशी अंडी फुटली ना, अहाहा! पांढऱ्या-पिवळ्या गोळ्यांत मधूनच काळे गोळे, डांबरात बुडवून काढल्यासारखे! मोठी माय रडली, ताई हसली, मी शाळेत उशिरा गेले. पण थांबा, अटी आहेत ना! एका काळ्याला महिन्यानं पंखात पांढरं पीस फुटलं, बाद. एकानं मोठं होऊन अंडं घातलं, म्हणजे कोंबडी, बाद. एकच उरला. त्याच्या मागे आम्ही सगळे मांजर हाकलत फिरलो, मोठे बाबा तर खुराड्यापाशी खाट टाकून निजायचे. आणि एका सकाळी तो गोठ्यावर चढला, मान ताणली, आणि फाटक्या आवाजात आरवला. तुळशीराम भाऊजींना तार गेली! घरात कुणी मेलं नसताना आमच्याकडून गेलेली पहिली तार.

मात्र साहेबांनी तो पाहिलाच. “मेंबर, गावात गावरान कोंबडा?” मोठे बाबा ताठ उभे राहिले. “गावरान? साहेब, त्याचा आजा सरकारी हाय! बापाकडूनबी अन् मायकडूनबी!” म्हणून तर मला शपथ. मोठी माय म्हणते, “साहेबाले सांगा सरकारी, मरीमायले सांगू नोका, तिले घरचा कबूल केला.” म्हणून म्हणते, हे कुणाला सांगायचं नाहीये!

परवा लिंबाखाली नवस फिटला. कोंबडा सोडला, तो ऐटीत निघून गेला, वळूनसुद्धा बघितलं नाही. न्हाव्यानं शालिग्रामचं जावळ काढलं, आणि वेण्या गेल्याबरोबर आतून कोण निघावं? मोठे बाबा! तोच डावा कान बाहेर, तेच टेंगळासारखं कपाळ. भाऊजी बघतच राहिले. “मामी, हे तं पुरंच मामाजीवर गेलं हो!” मोठी माय म्हणाली, “लपेल होतं.” चारच्या एसटीनं ताई गेली, खिडकीतून इतकी हसत होती की रडायचं विसरली, आणि मला वाटलं, संपलं, सुटलो!

कसलं काय! एसटी वळली, तशी मोठी माय तिथूनच मरीमायकडे वळली, आणि माझ्यादेखत पदर पसरला. “मरीमाय, माही केसर मॅट्रिक पास झाली तं तुह्या नावानं उलट्या पिसाचा कोंबडा सोडीन. माह्याच घरचा!” उलट्या पिसाचा! पिसं अशी वर वळलेली, वाऱ्यात छत्री उलटते तशी! गावात तसली एक कोंबडीसुद्धा नाही! मी सरांकडे गेले, म्हटलं सर, उलटं पीस हा गुण लपणारा की दिसणारा? सर इतके खूश झाले! “केसर, हे माझ्या पुस्तकात नाही, आपणच शोधू, पुढचं अख्खं वर्ष प्रयोग!” पुढचं वर्ष म्हणजे अकरावी, मॅट्रिकचं हो! म्हणजे बघा, अभ्यास करून पास झाले तर कोंबडा नाही म्हणून नवस अडणार, आणि कोंबडा काढत बसले तर पास कशी—

“केसरेऽऽ! वं केसरे! तुह्या मोठ्या बाबानं उलट्या पिसाची कोंबडी आनली, ये लवकर, मले चिंचोके सापडून नाही राह्यले! अन् कोनाशी बोलून राह्यली वं तिथी?”

आले, मोठी माय! कुणाशी नाही, मी आपली इथं एकटीच—