फेलोशिप आणि उचल

२००३ सालचा वैशाख. तेव्हा मी कबनूरला एका मालकाच्या कारखान्यात यंत्रमाग चालवत होतो आणि माझी थोरली, सुमन, कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. तिची फेलोशिप मंजूर झाली होती, पण वर्ष उलटलं तरी पैसा आला नव्हता. मेस आणि प्रयोगाच्या रसायनांसाठी मी मालकाकडून उचल, म्हणजे मजुरीतून फेडायचे आगाऊ पैसे, घेतली. उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मागावर जायचं नाही, असा आमच्याकडं नियम.

मालक म्हणाला, "सरकार पोरीला पगार देतंय म्हणतोस, मग माझ्या दारात कशाला आलास?"

"येणार हाय, मालक."

"कवा? तिचं लगीन झाल्यावर?"

पुढच्याच आठवड्यात कामावर गेलो, तर सुमन कोल्हापूरहून परस्पर येऊन बायकांच्या ओळीत बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

"ऊठ," मी म्हणालो.

"आप्पा, रसायनं संपल्यात. सर म्हणाले, पैसं आलं की ये. तवर हितं बसून उचल तरी कमी हुईल की."

मालक मोठ्यानं हसला. "बघा रं, डॉक्टरीणबाई कांड्या भरत्यात!"

मी मागावर गेलो.

पावसाळा आला तरी पैसा आला नाही, तेव्हा तिनं पीएचडीतून नाव काढलं आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरली. दिवाळीनंतर फेलोशिपची सगळी थकबाकी एकदम जमा झाली.

मी म्हणालो, "आता जा परत."

"नाव काढल्यावर परत घेत न्हाईत, आप्पा."

दुसऱ्या दिवशी तिनं मालकापुढं पैसे ठेवले. त्यानं ते गल्ल्यात टाकले. उचल फिटली.