काठातली टाचणी

कडक लागतोय ना काठ हाताला? लागणारच. डिंक आहे तो. हो, शाळेत मुलं कागद चिकटवतात ना, तोच पांढरा. अशा बघू नका ताई, गोधडी शिवलेलीच आहे, नुसती चिकटवून नाही दिली. काठाची पट्टी दुमडायची, आतून इवले इवले थेंब सोडायचे – रेघ नाही ओढायची, सुई चिकटते – वरून गरम इस्त्री दाबली की पट्टी जागची हलत नाही, मग आरामात मशीन मारायची. कोमट पाण्यात एकदा धुतली की डिंक गेला, शिवण राहिली. बसा, हा शेवटचा कोपरा तेवढा हाताने घालून देते. टाचण्या लावून इतका सरळ काठ येत नाही. म्हणजे – येतो. खोटं कशाला बोलू, वीस वर्षं टाचण्याच लावत होते, तेव्हाही माझे कोपरे सरळच यायचे.

मग सोडल्या का? बोटांना टोचतात म्हणून. ... नाही, शिवणारीच्या बोटांना टोचण्याचं काय कौतुक. एक प्रकार झाला होता. पलीकडच्या गल्लीत एक घड्याळजी होते, म्हातारे, घड्याळं दुरुस्त करायचे, साखरेचा आजार, पायाला काही कळायचं नाही – चप्पल निसटली तरी दहा पावलं पुढे जायचे. त्यांच्या सुनेनं आमच्याकडून गोधडी करून घेतली. आमच्याकडून म्हणजे मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही दोघी शिवायचो, हे काय, याच खोलीत, त्यांचं मशीन त्या खिडकीशी होतं. दोन बाजूंचा काठ त्यांनी लावला, दोन बाजूंचा मी. पंधरा दिवसांनी सून आली आणि कागदाची पुडी उघडून इथे, या टेबलावर ठेवली. आत टाचणी. काठात राहिलेली, म्हाताऱ्याच्या पायात गेलेली, चार दिवस कोणाला पत्ता नाही, त्यांना स्वतःलाही नाही. पाय सुजला तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागला त्यांचा.

सून आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, तिनं नाही केला. हळूच विचारलं, हे कोणाचं काम? आणि मी – मी काही बोलले नाही हो. एक शब्दही नाही. शपथेवर सांगते, नाव नाही घेतलं. फक्त बघितलं. जाऊबाईंच्या चष्म्याकडे. जाड भिंगांचा चष्मा, दोन वर्षांपासून नजर अधू झालेली, सगळ्या गल्लीला ठाऊक. सुनेनंही तिकडेच बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "हिच्या हातून असं व्हायचं नाही. माझंच असणार ते." झालं. सून म्हणाली, यापुढे यांचा हात लागू देऊ नका लोकांच्या कापडाला. आणि मी म्हणाले, नाही लागू देणार. तेवढं मात्र लगेच बोलता आलं मला.

तेव्हापासून त्यांनी सुई धरली नाही, चार वर्षं झाली. आत असतात. मी पट्ट्या कापते आणि त्या चाचपून चाचपून घड्या घालतात, तीही गिऱ्हाईक नसेल तेव्हा. घड्याळजी खुर्चीत बसून असतात, जाताना दिसतील तुम्हाला. मी त्या गल्लीनं जात नाही, वळसा पडला तरी चालतो.

हो, टाचणी माझीच. तुम्ही ओळखलंत, लपवून काय करू. मला तर पुडी उघडल्या उघडल्या कळलं होतं. कारण नजर गेल्यापासून जाऊबाई टाचण्यांना हातच लावत नव्हत्या – दिसायच्या नाहीत ना – बोटांनी चाचपून कच्चा धावदोरा घालायच्या आणि मग मशीन. घरात टाचण्या वापरणारी मी एकटी.

काय म्हणालात? मग त्यांनी तसं सांगितलं का नाही? अहो, त्यांना वाटलं आपल्याच हातून झालं. म्हातारपण, अधू नजर, माणसाला आपलंच चुकलं असं वाटतं. बिचारीला कळलं नाही, म्हणून तर मी – एवढ्यावरच तर मी –

धावदोरा त्या स्वतः घालत होत्या. दोन वर्षं.

त्यांना कसं माहीत नसेल?

... नाही, रडत नाहीये. हे धरा, झाला कोपरा. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका. निघा आता ताई, आणि जाताना तेवढं दार लोटून घ्या. जाऊबाई उठल्यात आत.