आपल्या शेळीवर आपला हात नाय

माझं नाव हिराबाई, माहेर शिरूरकडलं, आन् लगीन होऊन वाघोलीत आले तवा हितं रस्त्याच्या दोन्ही अंगाला नुसती रानं व्हती, आता तुम्हाला येताना कालेजं आन् बिल्डिंगाच दिसल्या असतील. त्या बिल्डिंगांच्या मागं आमचं गायरान हाय, थोडंच उरलंय, पन हाय. वस्तीतल्या बायकांच्या शेळ्या तिथं एकत्र चरतात, वळायला पाळीनं एकेक बाई जाती. लोकांना वाटतं शेळीला काय, काय बी खाती आन् जगती. जगती डोंबल!

मला शेळीतलं कळतं. फुशारकीनं सांगत नाय, म्हंजे फुशारकीनंच सांगते, पन खरं हाय म्हनून सांगते. शेळीच्या पोटाला फसायचं नाय बघा, पोट पानी पिऊन बी फुगतं आन् जंतानं बी फुगतं. हात ठेवायचा पाठीवर, बरगड्या संपतात त्याच्या मागं, कमरेवर. मनके हाताला टोचले की शेळी उपाशी हाय, मंग दिसू दे की कितीबी गुबगुबीत. मऊ लागलं आन् दाबल्यावर खाली मनका लागला, तर बेस. मंग डोळ्याची खालची पापनी उलटून बघायची, लाल दिसली तर अंगात रगत हाय, पांढरीफटक दिसली तर जंत, सरळ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडनं औषध आनायचं. आईनं मला हे शिकवलं, डॉक्टरीणबाई बी हेच सांगतात.

तर काय सांगत व्हते, गायरान आटलं तसा आम्ही सगळ्या मिळून मक्याचा भरडा आनाया लागलो, एका पिंपात ठेवतो. तो काय सगळ्या शेळ्यांना पुरत नाय. म्हनून रविवारी सगळ्या शेळ्या लिंबाखाली आनायच्या, हात लावून बघायच्या आन् जी वाळलीय तिला पैला घास, मंग ती कुनाची बी असू. आन् नेम असा की आपल्या शेळीवर आपला हात नाय. का, तर भरडा पाहिजे असला की आपली शेळी आपल्या हाताला वाळकीच लागती, आन् मिरवायचं असलं की गुबगुबीत! हसू नका, बायका लई बेरकी असतात.

सगळ्यांच्या शेळ्या मी बघते. पन माझ्या कोन बघनार? माझं तोंड फाटकं, बाकीच्या भितात, हात लावल्यासारखं करायच्या आन् म्हनायच्या, एक नंबर हाय हिराबाई. मंग ते काम माझ्या धाकट्या जावेवर आलं, कमलवर. आमचं बोलनं बंद, वाटण्या झाल्या तवा मधल्या भिंतीवरनं वाजलं ते वाजलंच. तिला माझी कसली भीड?

आता चंद्रीचं ऐका. मी सासरी आले तवा आईनं एक शेळी दिली व्हती, तिच्या वंशातली ही शेवटची. आईचं दुसरं काय बी राह्यलं नाय माझ्याकडं. चंद्री गाभन व्हती, पोट तटतटलेलं, सगळ्या म्हनायच्या दृष्ट काढ गं तिची, आन् मी मिरवायची. त्या रविवारी कमलनं तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला, आन् माझ्याकडं न बघता बायकांना म्हनली, हिच्या पाठीवर काय बी राह्यलं नाय, पोटातली करडं हिलाच खायाला लागलीत, व्यायच्या आधी बसली तर उठायची नाय ही, हिला पैला घास.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिंपाकडं बघून म्हनले, लोकांना दुसऱ्याचं बघवतच नाय. ती बी पिंपाकडंच बघून म्हनली, नेम कुनी केला ते विचारा. आता नेम मीच केलेला! चंद्रीला भरडा लावला, थोडा थोडा वाढवत, एकदम घातला तर पोट फुगून मरती शेळी. तरी एक दिवस बसलीच ती. म्हनलं गेली, आईची शेळी गेली. पन कान झटकून उठली बया, आन् दोन करडं दिली, दोन्ही माद्या! डॉक्टरीणबाई म्हनल्या, खुराक मिळाला म्हनून तरली.

कमलला काय बोलले का मी? नाय. बोलनं बंद म्हंजे बंद.

आन् मागल्या महिन्यात मला टायफाईड झाला. उठले, पन जेवन जाईना. सुनंला सांगायची, मी बेस हाय. लुगड्यात काय कळतंय कुनाला? रविवारी लिंबाखाली बसले व्हते, कमल शेळ्या उरकून माझ्या मागं आली, आन् असा पाठीवर हात ठेवून दाबलं, बरगड्या संपतात तिथंच. पिंपाकडं बघून म्हनली, हिच्या पाठीवर काय बी राह्यलं नाय, हिला पैला घास. बायका हसून हसून लोळल्या. मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तर रडूच आलं बघा.

तवापासून रोज तिच्या घरनं डबा येतो, भाकरी आन् मटनाचा रस्सा. रिकामा डबा धाडू नये, म्हनून मी त्यात चंद्रीचं दूध घालून धाडते. बोलत नाय आम्ही अजून. देव तिला उदंड आयुष्य देवो. हे तुम्ही लिहा, पन जाता जाता तिच्या दारात जाऊन सांगू नका.