चादरींच्या खोलीतला दीड तास

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताई, त्यांचे यजमान, त्यांची लेक आणि सभागृहातल्या माझ्या बंधू-भगिनींनो! ड्यूटी टाकून 'दोनच मिनिटं' म्हणत दाराशी उभ्या राहिलेल्या मुलींनो, तुम्हीही मला दिसताय बरं का.

मला पाच मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीला पाच मिनिटं! म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती ताईंना विचारूनच. "सांग," म्हणाल्या, "पण तिखटमीठ लावू नकोस." प्रयत्न करते.

पाच महिन्यांपूर्वी हा निवृत्तीचा समारंभ होणारच नव्हता. का? ऐका.

ताईंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. इंजेक्शन देण्याआधी पेशंटला त्याच्या तोंडून नाव सांगायला लावायचं. खाटेच्या नंबरावर जायचं नाही. "खाटेला ताप येत नाही गं, माणसाला येतो," हे मी त्यांच्याकडून हजारदा ऐकलंय. त्या सकाळी अकरा नंबरच्या आजोबांनी आणि बाराच्या शिंपीकाकांनी परस्पर खाटा बदलल्या. काकांना पेपर वाचायला खिडकीचा उजेड हवा होता. वॉर्डात दोन सिस्टर कमी, फोन थांबत नव्हता, आणि ताईंनी अकरा नंबरचं इन्सुलिन अकरा नंबरच्या खाटेवरच्या माणसाला दिलं. नाव न विचारता.

थोड्या वेळाने शिंपीकाकांना दरदरून घाम फुटला. काय झालं ते ओळखलं ताईंनीच, डॉक्टरांना बोलावलं ताईंनीच. ग्लुकोज लावलं. अर्ध्या तासात काका उठून चहा मागत होते. त्यांच्या मुलीला ताईंनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, रिपोर्टही स्वतःच लिहिला. कुणाला वाटेल, संपलं प्रकरण.

कसलं संपतंय! ताई आमच्यात जेवायला बसेनाशा झाल्या. इंजेक्शनचा ट्रे आला की म्हणायच्या, "तू दे. माझ्या हातावर माझा भरवसा नाही." तिसऱ्या आठवड्यात मुदतीआधीच नोकरी सोडायचा अर्ज लिहून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "निरोप-बिरोप काही नको. मी आपली गुपचूप जाईन."

आता आमच्या वॉर्डातली एक रीत सांगते. जिच्या हातून चूक होते, तिला ताई चादरींच्या खोलीत नेतात, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवतात, आणि 'काय केलंस' हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "शेवटचं कधी जेवलीस?" इथल्या निम्म्या मुली त्या गठ्ठ्यावर रडून आल्या आहेत. मी दोनदा. दुसऱ्यांदा तर भांडलेसुद्धा.

मी तो अर्ज खिशात घातला आणि ताईंचा हात धरून त्यांना तिथेच नेलं.

"अगं, राऊंड आहे!"

"असू दे. ताई, त्या दिवशी तुम्ही शेवटचं कधी जेवला होतात?"

"मला काय विचारतेस? मी काय नवीन मुलगी आहे?"

"नवीन मुलगी असती तर तिला काय म्हणाला असतात?"

ताई हळूच म्हणाल्या, "आदल्या दिवशी दुपारी जेवले होते. ड्यूटी सलग होती. तिला मी आधी घरी पाठवलं असतं गं." आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रडून झाल्यावर म्हणाल्या, "पाच मिनिटं टेकते." आणि मंडळी, दीड तास झोपल्या! मी बाहेर पहारा दिला. डॉक्टरबाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मोठ्या सिस्टर कुठे आहेत? मी म्हटलं, चादरींचा स्टॉक बघतायत. आज कबूल करते. स्टॉकवर होत्या, एवढं मात्र खरं.

इकडे वॉर्ड चालू होता. मुलींनी नावं विचारून इंजेक्शनं दिली, सलाईन बदललं, दोन नवे पेशंट घेतले. ताई उठल्या, घड्याळ बघून दचकल्या. "मला उठवलं का नाहीस?" मी म्हटलं, "गरज नाही पडली." म्हणाले खरी, पण वाटलं, आता हे यांच्या मनाला लागणार. तर त्या खळखळून हसल्या. "मला आपलं वाटायचं, मी बसले की छप्पर खाली येईल!"

अर्ज त्यांनी माझ्याकडून घेऊन फाडला. रिपोर्टला हात लावला नाही. म्हणाल्या, "चूक झाली ती झाली, ती फाईलमध्ये राहू दे. मी तेवढीच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे स्वतः उचलला. पेशंटला नाव विचारलं, दोनदा विचारलं, आणि इंजेक्शन दिलं. दुपारी आमच्यात डबा उघडून बसल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आज या खुर्चीत त्यांना हार घालून बसलेलं बघून किती हलकं वाटतंय, ते मला नीट सांगताही येत नाही.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. संयोजकांची, अध्यक्षांची आणि इतकी वर्षं ताईंचे उशीर सोसणाऱ्या घरच्या मंडळींची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. ताई, तुम्ही स्वतःचं चुकलेलं पदरात घेतलंत, आता माझंही घ्या.