रावसाहेबांनी पास केलेला माल

रावसाहेब : 'नम्र विनंती' खोड आधी. तक्रार आहे ही. विनंती कसली?

अनघा : बाबा, प्रदर्शनवाल्यांना इंग्रजी ईमेल आहे. सुरुवात जरा गोडच करावी लागते. पुढे झोडपा हवं तेवढं.

रावसाहेब : छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली मी. एकही रिपोर्ट गोड लिहिला नाही. माल चांगला तर पास, वाईट तर बाद.

अनघा : ठीक. खोडलं. विषय काय घालू? 'जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन, सेरंगून'?

रावसाहेब : घाल. तुझा नवरा त्याला 'गन शो' म्हणतो. समीरला चेष्टाच सुचते. बंदूक तिथे औषधालासुद्धा नाही. या देशात कोण ठेवू देतंय? बंदुकीचा पट्टा मिळेल, संगिनीचं म्यान मिळेल, तेलाची बाटली मिळेल. फक्त बंदूक नाही.

अनघा : आणि तरी तुम्ही पाच वर्षं न चुकता जाता. सिंगापूरला यायचं तिकीटसुद्धा आई त्या तारखा बघून काढतात.

रावसाहेब : जायचो कारण तिथे माल होता. आणि माणसं होती. तो म्हातारा मिस्टर को आठवतो ना? मागच्या वर्षीपर्यंत कोपऱ्यात बसायचा. मी दिसलो की स्टूल पुढे ओढायचा, कोपी म्हणजे इथली कॉफी मागवायचा आणि आपली पेटी माझ्यापुढे ठेवायचा. 'सर, यू चेक फॉर मी.' दिवसभर मी एकेक वस्तू बघून बाजूला काढायचो. हे खरं, हे नकली. मी नकली म्हटलं की तो मुकाट टेबलाखाली टाकायचा. गिऱ्हाइकासमोर!

अनघा : ते या वर्षी नव्हते का?

रावसाहेब : गुडघे गेले म्हणे. दुकान आवरलं. त्याच्या जागेवर एक बाई. पन्नाशीची असेल, कानाला माईक लावलेला, हातात भोंगा असल्यासारखी ओरडत होती. 'अंकल, कम कम, टच ओन्ली लाह, नो नीड बाय!' लिही हे. माणसाची बाही धरून ओढतात तिथे. एकाने माझ्या मानेवर ते थरथरणारं मालिशचं यंत्रच ठेवलं. लष्करी वस्तूंच्या प्रदर्शनात मालिश!

अनघा : (हसू दाबत) लिहिलं. पुढे?

रावसाहेब : हसू नकोस. मोबाइलची कव्हरं, टॉर्च, चिनी टी-शर्ट. पूर्वी शंभर टेबलांवर शंभर जुन्या वस्तू असायच्या, आता सगळ्या टेबलांवर एकच खोका आलाय. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

अनघा : हे इंग्रजीत नाही जाणार, बाबा. आता मुख्य मुद्दा. तुम्हाला त्यांनी काय विकलं?

रावसाहेब : तेलाच्या बाटल्या. पितळी, बोटाएवढ्या. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दस्त्यात एक भोक असायचं, त्यात ही बाटली ठेवायची. शिपाई तीच काढून नळी साफ करायचा. ही बघ, ही माझी. रिटायर झालो तेव्हा सेक्शनमधल्या लोकांनी भंगारात निघालेल्या रायफलमधली काढून दिली. चौदा वर्षं खिशात आहे.

अनघा : आणि शनिवारी घेतलेल्या दोन?

रावसाहेब : नकली. शेंडी लावली मला. ते तर लिहायचंय.

अनघा : नकली आहेत हे कळलं कसं, तेही लिहावं लागेल.

रावसाहेब : ते काही लिहायची गरज नाही.

अनघा : बाबा, पुरावा नको का?

रावसाहेब : तुझ्या सासूने घासल्या. चिंचेने. देवाच्या भांड्यांबरोबर माझी जुनी आणि त्या दोन नव्या. माझी सोन्यासारखी उजळली. त्या दोन्हींचा रंग चिंचेबरोबर खाली गेला, आतून पांढरा धातू. हिरा म्हणते, 'अहो, हे पितळ नव्हे.' छत्तीस वर्षं माल तपासणाऱ्या माणसाला बायकोच्या चिंचेने शिकवलं. समीर पोट धरून हसला.

अनघा : त्याला कळत नाही कधी हसायचं ते. बरं, त्या बाईने विकताना काय सांगितलं? नेमके शब्द?

रावसाहेब : लिही, जुन्या म्हणून विकल्या.

अनघा : ती म्हणाली जुन्या आहेत?

रावसाहेब : सून आहेस की सरकारी वकील? तसाच अर्थ होता.

अनघा : बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?

रावसाहेब : विचार.

अनघा : तुमचा शनिवारचा शर्ट धुवायला टाकताना खिशात लाल कागदाचा गोळा मिळाला. मला वाटलं बसचं तिकीट. उलगडला तर स्टिकर. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'नवीन, जुन्यासारखी बनवलेली'. हा बघा. हा तुमच्या खिशात कसा आला?

रावसाहेब : ...ठेव तो तिकडे.

अनघा : बाबा.

रावसाहेब : मी काढला.

अनघा : तुम्ही?

रावसाहेब : खोक्यावर चिकटवलेला होता. बाई ओरडत होती, पण खोटं नव्हती बोलत. नवीन माल आहे हे तिने लिहून ठेवलं होतं. मी एक बाटली हातात घेतली, अंगठा फिरवला, आणि तिच्यावरच डाफरलो. 'मॅडम, हा ओरिजिनल माल आहे. तुम्हाला कळत नाही.' ती म्हणाली, 'अंकल, शुअर आह? यू आर्मी मॅन?' मी म्हटलं, थर्टी सिक्स इयर्स, ऑर्डनन्स फॅक्टरी. आणि तो स्टिकर मीच ओरबाडून काढला. तिचं काय, तिने तिथल्या तिथे किंमत वाढवली आणि माईकवर सुरू झाली, 'एक्सपर्ट अंकल से ओरिजिनल!' मला स्टूल दिलं, अनघा. कोपी दिली. मी बसलो.

अनघा : मिस्टर को देत होते तसं.

रावसाहेब : हो. हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय?

अनघा : पण तुमचा अंगठा तर... समीर म्हणतो, काडतुसं अंगठ्याखालून लाटून बारीक चीरसुद्धा पकडायचे तुम्ही.

रावसाहेब : पकडायचो. दिवसाला हजारो. डोळे मिटून. एकदा तर गाडी गेटबाहेर निघाली होती, माझ्या मनात आलं एका पेटीचं, पळत जाऊन गाडी परत आणवली. साहेब शिव्या घालत होते. पेटी फोडली, वरच्याच थरात दोन चिरलेली निघाली.

अनघा : मग शनिवारी काय झालं?

रावसाहेब : काही झालं नाही. तेच तर. अंगठ्याला काही लागलंच नाही.

अनघा : बाबा, मंगळवारी तुम्ही चहाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलंत. सांडशी शेजारीच होती. मी बघत होते. तुम्ही साधं 'हाय'सुद्धा केलं नाहीत.

रावसाहेब : दिवाळीपासून आहे. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. साखरेचं दुखणं आहे, बोटं बधिर होतात म्हणे. हिराला बोलू नकोस. ती पुण्याला परत न्यायचं म्हणेल.

अनघा : आईंना केव्हाच माहीत आहे. आमटीची वाटी त्या मुद्दाम निववून देतात तुम्हाला.

रावसाहेब : ...असं होय. आणि मी तिच्यावर ओरडतो, आमटी गार का म्हणून.

अनघा : मग ही तक्रार नाहीच पाठवायची ना? पुसते मी. दोन बाटल्या गेल्या, गेल्या. कुणाचं काय नुकसान झालं?

रावसाहेब : झालंय. म्हणूनच आठ दिवस झोप नाही. त्या बाईच्या नावाने खडे फोडले की बरं वाटेल म्हणून तुला बसवलं लिहायला. पण माल बाहेर गेलाय, अनघा.

अनघा : म्हणजे?

रावसाहेब : तिथे एक मराठी गृहस्थ भेटले. निशिकांत. चाळिशीचे, इथे संशोधक आहेत. मूळचे नागपूरचे. फोनवर आईशी बोलत होते म्हणून मी ओळख काढली. त्यांच्या आईचे वडील महार रेजिमेंटला होते. आई चार वर्षांची असताना वारले. घरात एक फोटो, बाकी काही नाही. त्यांनी बाटली हातात घेतली, मला विचारलं, 'काका, खरी जुनी आहे न? असली तर आईला पाठवतो. आजोबांच्या रायफलमध्ये अशीच असेल.' मी म्हटलं, डोळे झाकून घ्या. माझी जबाबदारी.

अनघा : अरे देवा.

रावसाहेब : त्यांनी नंबर दिलाय. लाव.

अनघा : आता? बाबा, विचार करा. त्यांना काय कळणार आहे?

रावसाहेब : गाडी गेटबाहेर गेलीये. लाव फोन. आणि तो स्पीकर चालू कर, मला ऐकू येत नाही नीट. तेही एक आहेच.

(अनघा नंबर लावते. रावसाहेबांनी जुनी बाटली मुठीत धरली आहे. पलीकडे फोन उचलला जातो, मागे बोटीच्या इंजिनाची धडधड.)

निशिकांत : काका! जयभीम. बरं झालं फोन केला जी. मी उबीन बेटावर निघालोय सायकल घेऊन, बोटीची वाट बघतोय. बोला न.

रावसाहेब : जयभीम, निशिकांत. ती बाटली अजून तुमच्याकडेच आहे का?

निशिकांत : नाही न काका. माझा मित्र बुधवारी नागपूरला गेला, त्याच्याजवळ दिली. काय सांगू तुम्हाला! आईनं बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आजोबांचा फोटो आहे, त्याच्यापुढे ठेवली. वस्तीतल्या बायांना बोलावून दाखवली. म्हणते, सहासष्ट वर्षांनी बाबांचं काहीतरी घरात आलं. रोज पदरानं पुसते.

अनघा : बाबा, राहू द्या. ऐकलंत ना? त्यांचं समाधान झालंय. कशाला मोडता?

रावसाहेब : अगं, चिंच नागपुरातही मिळते. एखाद्या सणाला त्या माउलीने घासायला काढली तर? बापाचं म्हणून पुसते ती. रंग तिच्या हाताला लागेल.

निशिकांत : काका? कोण बोलतंय? काय झालं?

रावसाहेब : निशिकांत, ती बाटली जुनी नाही. अलीकडची बनवलेली आहे, वरून रंग दिलेला. विकणारीने तसं लिहिलंही होतं. ते मी काढून टाकलं. मी तुम्हाला खोटा माल पास करून दिला.

निशिकांत : थांबा काका, इंजिनापासून जरा दूर होतो जी.

रावसाहेब : ऐकताय ना?

निशिकांत : ऐकतोय काका. पण तुम्ही तर म्हणाला होता, छत्तीस वर्षं...

रावसाहेब : म्हणालो होतो. ती छत्तीस वर्षं खरी आहेत. हात आता राहिला नाही. बोटांना कळत नाही मला काही, आणि ते मी कबूल करत नव्हतो. तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं, एवढं मात्र माना.

निशिकांत : नाही नाही, तसं नाही म्हणत मी. पण आईला काय सांगू जी? ती तर खूश आहे नुसती.

रावसाहेब : त्यांना सांगा, एका म्हाताऱ्याची चूक झाली. त्याने बदलून दिली. माझी स्वतःची एक आहे. तीच पाठवतो. रायफलमधून काढलेली. आजच अनघा तुमच्याकडे आणून देईल.

निशिकांत : तुमची? अहो, ती तुम्ही खिशातून काढून दाखवली होती मला. ती कशाला देता? ती तुमची आठवण आहे न.

रावसाहेब : तिच्याशी ताडून बघायला म्हणून बाळगत होतो. आता मी काय ताडणार? तुमच्या घरी फोटो तरी आहे तिच्या शेजारी ठेवायला.

अनघा : निशिकांतदादा, मी त्यांची सून बोलतेय. पत्ता पाठवा. संध्याकाळी येते मी.

निशिकांत : पाठवतो ताई. काका... राग मानू नका. आईसाठी म्हणून विचारतो, परत तसं नको व्हायला. ही तरी नक्की जुनी आहे न?

रावसाहेब : अनघा, तू सांग त्यांना. चिंचेने घासून उजळलेली तू आत्ताच पाहिलीस. माझ्या शब्दावर नको.