रेडिओची पाळी

मी साक्री तालुक्यातली, पांझरेकाठची. वडील पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं ते बघायचे, त्यामुळे आमच्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी भांडत यायचं, भांडणाचं मला नवल नाही. लग्न झालं, ह्यांना जर्मनीत डार्मस्टाटला डॉक्टरेटला जागा मिळाली, मग फ्रँकफर्टला नोकरी, आणि घर मोठं मिळालं तसं दोन खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या.

एकीत उरी, इस्रायलमधल्या हैफाचा, रसायनशास्त्रवाला. दुसरीत युसूफ, पॅलेस्टिनी, तुलकरमजवळच्या खेड्यातला, इंजिनिअर होणारा. लोक विचारतात, या दोघांना एका घरात ठेवलंत कशाला, तर खोल्या रिकाम्या होत्या म्हणून. माझा नियम एकच, जेवायला एका टेबलावर, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही. आमटी तिखट झाली की उरी म्हणायचा, फ्राउ देवरे, हे आमच्या लॅबमधून आणलंत का, आणि युसूफ गेनाऊ गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत उरीचीच वाटी पुन्हा भरायचा.

मग सदुसष्टचा जून आला, तिकडे लढाई लागली. घरात रेडिओ एक, स्वयंपाकघरात. एकाला जेरुसलेम हवं, दुसऱ्याला कैरो, आणि एकदा दोघांचे हात त्या एकाच बटणावर, काय सांगू तुम्हाला, मी पोळ्या टाकून मधे उभी. हे म्हणाले, दोघांनाही दुसरी जागा बघायला सांग. मी म्हटलं, अहो थांबा जरा. पाळी लावून दिली, संध्याकाळी आधी एकाची, मग दुसऱ्याची, वेळ सारखा. दोघं कुरकुरले, पण ऐकलं.

लढाई संपली, उरीला घरून तार आली, भाऊ सैन्यात होता तो सुखरूप. युसूफला काहीच नाही. त्याचा मुलूख इस्रायलच्या सैन्याने घेतला, तिकडचं टपाल बंद, आणि रेडिओवर कैरो एक सांगणार, अम्मान दुसरं, लंडन तिसरं, खरं शोधेपर्यंत त्याची पाळी संपायची. म्हातारी आई एकटी, जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. तेव्हा मला वडिलांचं आठवलं. पाटाच्या शेवटी असलेल्या शेताला ते वेळ जास्त द्यायचे, कारण पाणी तिथवर जाईतो वाटेतच जिरतं. मी उरीला म्हटलं, तुझी पाळी सोड. तो चिडला, आधीच अर्धं सोडलं, आता उरलेलंही मीच? मी म्हटलं हो, तूच, तुझी तार आलीय. पण सकाळी त्यानेच रेडिओ उचलून युसूफच्या दाराशी ठेवला. युसूफ म्हणतो, मला उपकार नको. मी म्हटलं, उपकार नाही, तुझी पाळी आहे, मुकाट्याने घे.

महिन्याभराने त्याच्या मामाचा निरोप आला, आई चालत जॉर्डन नदी ओलांडून अम्मानला पोचलीय, तंबूत आहे. त्याने जेवताना सांगितलं. उरी म्हणाला, तुझ्या आईचं ऐकून मला फार वाईट वाटलं. युसूफ म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, तुमचे लोक तिला घरी परत जाऊ देतील का ते सांग. आता ते काय उरीच्या हातात होतं? आणि माझ्या तरी? रेडिओ वाटून देता येतो. कुणीच उठलं नाही, सगळ्यांचं झालेलं असूनही.

युसूफ त्याच आठवड्यात न्युरेम्बर्गला गेला, तिथे त्याच्या गावचे कुणी होते. जाताना म्हणाला, फ्राउ देवरे, तुमची वाटणी बरोबर होती, पण मला आता याच्यासमोर बसून जेवता येत नाही. मी डबा दिला. उरी जिन्यापर्यंत त्याची ट्रंक घेऊन गेला, युसूफने ती घेऊ दिली, हात मात्र मिळवला नाही.

आता त्या खोलीत पुण्याचा मुलगा आहे, हा आमटी गोड मागतो. उरी अजून इथेच, युसूफचं नाव कधी काढत नाही, मीही नाही. पोरगं गुणी होतं. आईला भेटलं असेल, तिच्या हातचं खात असेल, एवढं झालं तरी पुष्कळ.