मावशी मोजत नव्हत्या

नवी : म्हणजे तुम्ही मोजत नव्हता?

मावशी : मी कशाला मोजू? घडी दोघींनी घालायची आणि मोजायचं तू, असं इस्पितळाच्या या धुलाईखोलीत आलीस त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला.

नवी : अहो, पण प्रत्येक चादरीला तुमचे ओठ हलतात! मी समोरूनच बघते ना. दोन कोपरे तुमच्या हातात, दोन माझ्या, आणि घडी घालत जवळ आलो की तुमचं पुटपुटणं सुरू. मला वाटलं, म्हातारी मोजतेय.

मावशी : म्हातारी?

नवी : मावशी मोजतायत. तुम्ही पाणी प्यायला थांबलात की मी समजायचे, वीस झाल्या. लगेच गठ्ठा बांधून वर पाठवायचे.

मावशी : अरे देवा! म्हणून वॉर्डातल्या सिस्टर बोंब मारतायत. कुठल्या गठ्ठ्यात सोळा, कुठल्या गठ्ठ्यात चोवीस. आणि मी त्यांना छातीठोकपणे सांगून आले, आमची नवी मोजते, चूक व्हायची नाही.

नवी : मी सांगितलं, मावशी मोजतात.

मावशी : आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! हस, हस. तुझी आई आजारी पडल्यापासून आज हसलीस बघ. धर ते कोपरे. आता सगळे गठ्ठे सोडून पुन्हा मोजायचे.

नवी : आधी सांगा, पुटपुटता काय?

मावशी : मागणं मागते.

नवी : कुणासाठी?

मावशी : ही चादर ज्याच्या अंगावर जाईल त्याच्यासाठी.

नवी : पण ते कोण, हे तुम्हाला कुठे ठाऊक असतं?

मावशी : नसतंच. मी आपली म्हणते, प्रभू येशू, हिच्याखाली जो कोणी निजेल त्याच्याजवळ बस. कोपऱ्याला कोपरा लागेपर्यंत तेवढंच म्हणून होतं.

नवी : प्रत्येक चादरीला?

मावशी : अभ्र्यांना नाही. ते तू एकटीच उरकतेस.

नवी : इतके दिवस समोर उभी आहे मी. कधी बोलला नाहीत.

मावशी : तू विचारलं नाहीस. कुणी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर घडी घालते. ताण जरा, सैल पडतेय.

नवी : मावशी, ती निळ्या दोऱ्याने रफू केलेली चादर आठवते?

मावशी : न आठवायला काय झालं? रफू तूच केलं होतंस. पांढरा दोरा संपला म्हणून निळा लावलास आणि बोलणी खाल्लीस.

नवी : ऑपरेशननंतर आईला बेशुद्धच वॉर्डात आणलं तेव्हा गठ्ठ्यातून तीच काढली मी. धुऊन धुऊन मऊ झालेली म्हणून. सिस्टरना विचारून आईच्या अंगावर घातली. अजून तीच आहे.

मावशी : हो का?

नवी : पण ती चादर तर आपण आई पडायच्या आधीच घडी करून ठेवली होती. आई तेव्हा घरी धडधाकट होती. माझ्याशी भांडत होती, डब्यात पोळी उरवते म्हणून.

मावशी : अगं बाई.

नवी : म्हणजे तिच्यासाठी आधीच... कुणालाच काही ठाऊक नसताना...

मावशी : मला नव्हतं ठाऊक. त्याला असेल.

नवी : बघा, काटा आला अंगावर. बघा हात.

मावशी : माझ्याही आला.

नवी : मग ती उठत का नाही? एवढं मागितलंत तर डोळे का उघडत नाही?

मावशी : ते मला सांगता यायचं नाही.

नवी : सगळे देवाचं नाव घे म्हणतात. मी तर त्याच्याशी बोलणंच सोडलंय. ती पडली त्या दिवसापासून अबोला धरलाय. तुमच्या नाही, माझ्या नाही, कुठल्याच देवाशी बोलायचं नाही मला.

मावशी : नको बोलूस. त्याला राग सोसतो. आणि आई बरी झाली तर माझ्या देवाला मान, असलं मी तुला कधी म्हणणार नाही. तसला सौदा तो करत नाही, मीही करत नाही. माझ्या चादरीखाली माणसं गेलीही आहेत, बाई. कितीतरी.

नवी : मग?

मावशी : मग ती चादर परत माझ्याकडेच येते. धुते, वाळवते, तुझ्यासमोर धरते आणि पुन्हा तेच म्हणते.

नवी : कंटाळा नाही येत? तो ऐकतो की नाही, कोण जाणे.

मावशी : एक सांगू? आमच्या प्रभूला मारलं, कापडात गुंडाळून थडग्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी माणसं बघायला गेली, तर आत कोणी नाही.

नवी : ऐकलंय ते.

मावशी : सगळ्यांनीच ऐकलंय. पण पुढचं आपल्यासारखीलाच लागेल. त्याच्या तोंडावरचा रुमाल होता ना, तो वेगळा, नीट गुंडाळून एका बाजूला ठेवलेला होता.

नवी : कुणी ठेवला?

मावशी : थडग्यात दुसरं होतं कोण?

नवी : म्हणजे त्यानेच?

मावशी : त्याने ठेवला असं लिहिलेलं नाही. ठेवलेला होता, एवढंच लिहिलंय. पण माणूस गेल्यावर तोंडावर ओढलेली चादर इथे खाली कशी येते, हे तूच सांग.

नवी : बोळा होऊन.

मावशी : बोळा होऊन. कुणाचा हात थरथरत असतो, कुणाला घाई असते. ते कापड नीट करून ठेवायचं कुणाला सुचतं? ज्याला मरणाची भीती उरली नाही, त्यालाच. हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं ना, तेव्हा याच टेबलापाशी इस्त्री धरून नुसती उभी राहिले मी. अभ्रा करपून वास सुटला तरी पत्ता नाही.

नवी : मरणातून उठला... आणि जाताना आवरून ठेवलं.

मावशी : घरचं माणूस ठेवतं तसं.

(दार ढकलून वॉर्डातला ब्रदर ट्रॉली घेऊन आत येतो.)

ब्रदर : मावशी, मळके कपडे आणलेत. आणि तुमच्या गठ्ठ्यांचा काय घोळ आहे? वर एक चादर शिल्लक नाही.

नवी : ब्रदर, ट्रॉलीतली ती वरची चादर... ती निळ्या दोऱ्याची आहे.

ब्रदर : असेल.

नवी : ती आईची आहे. ती खाली का आली? मावशी, ती खाली का आली?

मावशी : बस आधी. बस इथे. ब्रदर, अरे तोंड उघड ना!

ब्रदर : अहो ताई, तुमच्याकडेच तर आलोय! ओली झाली म्हणून काढली. सिस्टर ओठ ओले करायला बसल्या होत्या, तर तुमच्या आईंनी एकदम पेल्याला हात घातला. सगळं पाणी अंगावर.

नवी : कुणी हात घातला?

ब्रदर : आईंनी. डोळे उघडलेत त्यांनी. डॉक्टर म्हणाले, इतक्यात नाचू नका, अजून वेळ लागेल. पण मुलीला बोलवा, ओळखतात का बघू. आणि येताना कोरडी चादर आणा बरं, त्या कुडकुडतायत. मी चाललो पुढे.

नवी : मावशी... मावशी, तुम्ही का बसलात खाली? रडताय?

मावशी : रडत नाही. अगं, इतकी वर्षं मागतेय, पण पुढे काय झालं ते सांगायला वरून कधी कोणी येत नाही. चादर जाते, मळून परत येते, एवढंच मला कळतं. आज पहिल्यांदा कळलं. मला भीतीच वाटतेय, खरं सांगते. तो इतका जवळ असतो?

नवी : उठा. माझा हात धरा.

मावशी : माझं राहू दे, तू पळ! ही घे कोरडी, अशीच घेऊन जा.

नवी : अशी नाही. धरा तिकडचे कोपरे.

मावशी : आई कुडकुडतेय तिकडे!

नवी : म्हणूनच. धरा. या खेपेला ओठ मी हलवणार.

मावशी : आणि मोजणार कोण?

नवी : तुम्ही. एकच आहे, चुकणार नाही.

मावशी : काय म्हणायचं ते सांगू का?

नवी : नको. अबोला मी धरला होता, मीच सोडते.

मावशी : बरं बाई.

...

मावशी : झालं? कोपऱ्याला कोपरा लागला कधीचा.

नवी : धरून ठेवा, मावशी. माझं अजून संपलं नाही.